डब्यातला कागद

धान मळायचं यंत्र आमच्या घरापासून चांगलं लांब चालतं, पण त्याचा भुसा बरोबर आमच्याच दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर येऊन बसतो. दरवर्षीचं आहे हे. दिवाळी सरली, बालाघाटच्या सकाळी जरा गार झाल्या, की हवेत ही पिवळी धूळ, राइस मिलच्या बाजूने येणारा उकडलेल्या धानाचा आंबूस वास आणि रस्त्याने ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. लोकांना हा हंगाम फार आवडतो. मलाही आवडतो, पण शिंका देत देत. परवा अशीच कपडे झटकत होते, नाक चोंदलेलं, डोकं आधीच तापलेलं, आणि फोन वाजला. गोंदियाच्या एका कॉलेजातून कोणी उत्साही प्राध्यापक होते. कार्यशाळा आहे म्हणे. विषय काय, तर थोडक्यात पण दर्जेदार ब्लॉगलेखन, वाचक पुन्हा पुन्हा कसा येईल. मी विचारलं, किती वेळ बोलायचं? तर म्हणाले, "दीड तास तरी बोला, मॅडम."

थोडक्यात लिहिण्यावर दीड तास! काय बोलावं या लोकांना. मी म्हटलं, कळवते, आणि फोन ठेवून पुन्हा कपडे झटकायला लागले. पण डोक्यात तेच घोळत राहिलं. वाचक परत कसा आणायचा हे मला विचारतात. मला कुठे माहीत आहे? मला एवढंच माहीत आहे की एका हिवाळ्यात माझे वाचक रोज परत यायचे, अगदी दारात येऊन उभे राहायचे, आणि ते आले की मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटायचं.

तेव्हा मोबाईल फक्त बोलायला असायचा, तोही ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे. इंटरनेट म्हणजे बसस्टँडजवळचं पवनभैयाचं दुकान. मी मराठीत एम. ए. करून घरी बसले होते आणि मराठी ब्लॉग लिहायला लागले होते. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात बसून मराठी ब्लॉग! आमच्या गल्लीत मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यांतली पोरं आपसात हिंदीत भांडणारी. बाबा वनखात्यात, नेमणूक बैहरला. सोमवारी सकाळच्या बसने घाट चढून जायचे, शनिवारी परत. त्यांना ब्लॉग म्हणजे काय हे मी दोनदा समजावलं. दोन्ही वेळा त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बी. एड. चं काय केलं?"

त्याच सुमारास नागपूरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी सदर सुरू होणार असं कळलं. मी धीर करून संपादकांना ब्लॉगचा पत्ता कळवला. त्यांचा फोन आला. "लिहिता बरं, पण फार लिहिता हो तुम्ही. आटोपशीर लिहा. आणि वाचक परत परत येतो का, ते मला दिसू द्या. संक्रांतीनंतर मी तुमचा आकडा बघीन, मग ठरवू." हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी बैहरला न्यायची पिशवी भरता भरता निकाल दिला. "ठीक. संक्रांतीपर्यंत काय ते कर. त्या साहेबांनं घेतलं तं लिही, मी काही म्हणणार नाही. नाही घेतलं, तं हे दुकानात जाणं बंद आणि बी. एड." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? मला लिहायचं होतं. त्याशिवाय मला काही धड येतही नव्हतं.

आकडा म्हणजे ब्लॉगच्या तळाशी असलेलं हिरवं मोजयंत्र. किती लोक येऊन गेले ते दाखवायचं. आमच्यावेळच्या ब्लॉगांना ते असायचंच, घराच्या दाराला तोरण असावं तसं. माझं ते यंत्र पहिल्या महिन्यात जिथे होतं तिथेच जवळजवळ बसून होतं. येणारे कोण? नागपूरची एक मैत्रीण, पुण्याचा मामेभाऊ, कधीमधी कोणी वाट चुकलेला, आणि मी स्वतः.

पवनभैयाचं दुकान आठवलं की अजून चिडचिड होते. प्लायवुडची खोकी, प्रत्येक खोक्याला फुलाफुलांचा पडदा, आत कॉलेजची पोरं. कीबोर्डच्या फटीतही भुसा. मराठी लिहायला बसलं की निम्मी अक्षरं चौकोन होऊन दिसायची, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन चढायच्या. कसंबसं पान भरत आणावं, तर लाइट जायची. "दीदी, सेव किया था?" पवनभैया दर वेळी अंधारातून विचारायचा. नव्हतं केलेलं, हे त्यालाही माहीत असायचं.

पण खरा घोळ घातला तो आमच्या आईने. तिला माझं लिहिलेलं वाचायचं होतं. मी म्हटलं, चल दुकानात, दाखवते. "त्या पडद्यामागं? मी?" तिने असं काही पाहिलं की मी विषय सोडला. मग म्हणाली, "छापून आण न." आणला छापून. तिने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, बरं आहे म्हणाली आणि संपलं, असं मला वाटलं. पण त्या दिवशी शेजारच्या लांजेवारकाकूंचा चकल्यांचा डबा आमच्याकडे पडून होता. आता डबा काही रिकामा परत करता येत नाही. आमच्या गल्लीत तर नाहीच. घरात द्यायला काही नव्हतं, म्हणून आईने डब्यात मूठभर साखर घातली आणि साखरेवर घडी करून माझा ब्लॉग.

तिथून सगळं बिघडलं. लांजेवारकाकूंनी वाचून तो कागद पुढच्या घरच्या डब्यात घातला, त्या घराने त्याच्या पुढच्या. कधी लाखोळीच्या भाजीबरोबर, कधी नव्या तांदळाच्या पिठाबरोबर कागद घरोघर फिरायला लागला. मंगळवारी मी प्रिंट आणायची आणि शुक्रवारपर्यंत तो हळदीच्या बोटांचे ठसे घेऊन, तेलाने पारदर्शक होऊन परत यायचा. कडेला पेन्सिलने लिहिलेलं असायचं, "हौ, बरोबर", "आमच्याकडे असं नाही करत", "म्हशीबद्दल लिहा". आणि कॉम्प्युटरवर माझ्या लेखाखाली काय? शून्य प्रतिक्रिया. मी आईला म्हणायची, अगं, यांना तिथे जाऊन वाचायला सांग, इथे वाचून मला काही उपयोग नाही. आई म्हणायची, "वाचून राह्यले न लोक? मंग तुले त्रास काय आहे?" आता हिला कसं समजवावं!

आणखी एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. परत यायचं ते पहिलं पान. दुसरं पान कधीही परत आलं नाही. टाचणी लावून पाहिली, टाचणीही गेली. कोणाकडे ते दुधाच्या पातेल्यावर झाकण झालं, कोणाकडे शेगडी पेटवायला लागलं, एकदा तर पोरांच्या पतंगाला चिकटवलेलं मी स्वतः पाहिलं, माझा अख्खा समारोप आभाळात. बरं, कोणाला चुकल्यासारखंही वाटत नव्हतं. पहिलं पान वाचायचे, समाधानाने मान हलवायचे आणि पुढे द्यायचे. मी तिकडे शेवट सुंदर व्हावा म्हणून रक्त आटवत होते.

याचा भडका उडाला तो चिवड्याच्या लेखावर. लांजेवारकाकूंची शेती राजेगावला. नवं धान आलं की त्या त्याचे पोहे कांडून आणायच्या आणि चिवडा करायच्या. त्यात लसूण असा काही करपवायच्या की खाणाऱ्याने कोळसा आहे का खोबरं, हे ओळखत बसावं. त्यावर मी एक लेख लिहिला. नाव घातलं नव्हतं, पण गल्लीत कोणाला कळणार नाही? पहिलं पान भरून मी त्या चिवड्याची यथेच्छ टिंगल केली. दुसऱ्या पानावर लिहिलं की एका वर्षी आईला मलेरिया होऊन ती दवाखान्यात होती तेव्हा हाच चिवडा घेऊन काकू रोज तिच्या उशाशी बसल्या, मला घरी झोपायला पाठवलं, आणि तेव्हापासून कुठलाही चिवडा खाताना मी तो करपलेला लसूण शोधते. मला तो माझा त्या हंगामातला सगळ्यात चांगला लेख वाटला होता. त्या हप्त्यात डबा आधी दुसऱ्या घरी गेला, मग काकूंकडे. काकूंपर्यंत पोचलं फक्त पहिलं पान.

दुसऱ्या दिवशी आमचा डबा परत आला. घासून, पुसून, लखलखीत. आणि रिकामा.

आईने झाकण उघडलं आणि ती खालीच बसली. लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून असा डबा तिने पाहिला नव्हता. "शुभे, काय लिहिलं वं तू?" एवढंच म्हणाली. मी तशीच पळाले. आधीच्या घरी जाऊन दुसरं पान शोधलं. त्यांच्या सुनेने ते फडताळात अंथरलं होतं, मधोमध तेलाच्या बरणीचं गोल वळ. ते ओढून घेऊन मी काकूंच्या अंगणात गेले. अंगणभर धान वाळत घातलेलं, आणि काकू त्यात पाय ओढत, धान खालीवर करत फिरत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी उभ्यानेच ते पान मोठ्यांदा वाचलं. मधे दोनदा भुशाने शिंकले. त्या फेऱ्या घालतच होत्या. पायांखाली धान सळसळत होतं. वाचून झालं तेव्हा त्या थांबल्या.

"मंग हे पहिल्या पानावर काहून नाई लिवलं?"

मी एम. ए. झालेली. मी म्हटलं, "काकू, लेखाला एक चढ असतो. वाचणाऱ्याला हळूहळू वर न्यावं लागतं, आणि मग शेवटी..."

"चढबिढ मले नको सांगू. मी का बैहरले चालली? लसूण जळते ते खरं हाये, कोन नाई म्हणते. पण तुई माय दवाखान्यात होती ते आधी लिव न!" आणि पुन्हा फेऱ्या सुरू. संध्याकाळी चिवडा आला, डबा भरून. लसूण नेहमीपेक्षा जास्त करपवलेला होता, आणि तो मुद्दाम, हे मी आजही शपथेवर सांगेन.

त्यानंतर मी ठरवलं, एकच पान. संपादक काय म्हणाले त्यासाठी नाही, या बायांच्या भीतीने. जे सांगायचं ते पहिल्या पानाच्या आत, आणि जमलं तर वरच्या अर्ध्या भागात, कारण खालच्या भागावर तेल सांडण्याची शक्यता जास्त. फार राग यायचा. माझी वाक्यं मला लेकरांसारखी वाटायची आणि ती कापायची म्हणजे काय! पहाटेचं वर्णन गेलं, मनातल्या उलघाली गेल्या, "मला नेहमी वाटतं की" हे तर दर लेखात तीन-तीनदा असायचं, ते गेलं. उरलं ते वाचून पाहिलं की आणखीच चिडायची, कारण ते बरं असायचं.

आता माझ्या फोनवर सगळं दिसतं. किती जण आले, कुठल्या गावाहून आले, किती सेकंद थांबले. तेवढ्या सेकंदांत तर शीर्षकही धड वाचून होत नाही. हजारोंनी माणसं येतात आणि जातात, एकाच्याही बोटाला हळद नसते. आणि मला सल्ले देणाऱ्यांची कमी नाही. परवाच एकाने थोडक्यात लिहिण्याचे फायदे पाठवले, ते खाली सरकवता सरकवता माझा अंगठा दुखायला लागला. याला कोणी काकू भेटली नाही, दुसरं काय.

पण तेव्हा मला ही अक्कल नव्हती. तेव्हा मला तो हिरवा आकडा हवा होता. संक्रांत जवळ येत चालली, शेतं मोकळी झाली, धानाच्या गंज्या उतरल्या, आणि आकडा ढिम्म. इकडे दारात मात्र रांग. मंगळवारी प्रिंटला जरा उशीर झाला की एकेक जण फाटकाशी, "बाई, कागद नाई आला का?" बाबा शनिवारी आले की मी तो कागद मुद्दाम त्यांच्या समोरच्या स्टुलावर ठेवायची. ते तो बाजूला सारायचे, त्यावर चहाचा कप ठेवायचे आणि विचारायचे, "आकडा किती झाला?" मी सांगायची. ते चहा संपवून उठायचे. त्यापेक्षा रागावले असते तर बरं.

शेवटी आईच्याने राहवलं नाही. तिने काकूंना सांगितलं की असं असं आहे, पोरीचं सगळं त्या आकड्यावर आहे, आणि तो दुकानात जाऊन पाहिल्याशिवाय वाढत नाही.

"म्हंजे तिथं जाऊन तोंड दाखवा लागते?" काकूंनी मला विचारलं.

"हौ, तसंच समजा."

"मंग आधी नाई का सांगायचं? जाऊ न!"

आणि खरंच गेल्या. दुपारची कामं आवरून, साडीवर स्वेटर, डोक्याला स्कार्फ बांधून सगळ्या बाया पवनभैयाच्या दुकानात. आमची आईसुद्धा, जी त्या रस्त्याने जाताना मान दुसरीकडे वळवायची. पोरं खोक्यांतून भुरकन पळाली. पवनभैयाची अशी तारांबळ उडाली की त्याने सगळे पडदे दांड्यांसकट काढून टाकले. "आइए आंटीजी, बैठिए, बैठिए." एकेकीने बसून वाचलं. हप्त्यापूर्वी कागदावर वाचलेलंच पुन्हा वाचलं, मन लावून, ओठ हलवत. एकीने जाताना कॉम्प्युटरला नमस्कार केला. मी मागे उभी राहून तो हिरवा आकडा बघत होते. एक उठली, दुसरी बसली. आकडा तोच. तिसरी बसली. तोच. मी पान पुन्हा पुन्हा उघडलं. तोच!

"दीदी," पवनभैया हळूच म्हणाला, "वो एक दुकान को एक ही आदमी गिनता है। सुबह आपने खोला था न, बस, उसी में सब आ गए।"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रडूही येत होतं. एवढ्या बाया आपली कामं टाकून, लाज टाकून आल्या, आणि त्या मेल्या यंत्राच्या लेखी त्या सगळ्या मिळून मी एकटी होते. काकूंनी विचारलं, "वाढला का वं?" मी मान हलवली, नाही. काकूंनी वाकून त्या आकड्याकडे नीट पाहिलं. "त्याले मोजता येत नाई," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या जणी बाजारात पेरू घ्यायला गेल्या.

संक्रांत झाली आणि संपादकांचा फोन आला. "लेखन फार सुधारलंय हो. एकदम नेटकं. कोणी शिकवलं?" आणि उत्तराची वाट न पाहता, "पण वाचकच नाहीत तुम्हाला. परत येणं सोडा, येतच नाही कोणी." मी म्हटलं, "सर, येतात. दारात येतात. कागदावर वाचतात." ते हसले, वाईट नाही हसले, पण हसले. "कागदावरचे मी कसे मोजू, सांगा बरं?" मी फोन धरून उभी होते आणि समोर आमच्या ओसरीवर एक बाई रिकामा डबा घेऊन कागदाची वाट पाहत बसली होती. त्यांना सांगून काय उपयोग? सदर गेलं.

बाबा त्या शनिवारी आले तेव्हा आईने त्यांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि हात-पाय धुवायला गेले. ठरलं होतं तसंच झालं होतं, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. मंगळवारी मी शेवटचा लेख लिहिला. रागाने लिहिला, त्यामुळे तो लांबला. रिकाम्या शेतांवर लिहिलं, धान गेल्यावर उरलेल्या धसकटांवर, भुशावर, लाइटीवर, पार पहाटेच्या धुक्यावरही लिहिलं, कोणाचीही भीती न बाळगता. आणि सगळ्यात शेवटी लिहिलं की हा ब्लॉग आज बंद होतो आहे, वाचणाऱ्यांचे आभार. प्रिंट काढला, आईच्या हातात दिला, आईने तिळगुळाच्या डब्यात घातला. मी दार लावून घेतलं आणि पोटभर रडले.

पुढच्या हप्त्यात बाबा रजेवर घरी होते. दुपारची वेळ, आत खाटेवर चहा पीत बसले होते. मी बी. एड. च्या चौकशीला जायला म्हणून निघाले, तर फाटकात लांजेवारकाकू. हातात डबा.

"काहून वं, आज कागद नाई?"

माझा तोल गेला. किती सहन करायचं माणसाने! "काकू, बंद केला मी तो! संपलं! मागच्या हप्त्यातच लिहिलं होतं, स्पष्ट!"

"कुठं लिवलं होतं?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं कुठं लिहिलं होतं. तेवढ्यात आत कप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"केव्हा बंद केला?" बाबांनी विचारलं.

"मागच्या मंगळवारी, बाबा. लिहिलं होतं त्यात."

"मी वाचलं न ते, धसकटाचं. त्यात तं असं काही नव्हतं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "दुसऱ्या पानावर होतं," मी म्हणाले.

"दुसरं पान कोन वाचते वं!" काकू म्हणाल्या.

बाबा उठून दारात आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. काकूंच्या हातातला डबा घेतला, झाकण उघडून आत काय आहे ते बघितलं, पुन्हा लावलं, आणि ओसरीवरची खुर्ची पुढे सारली.

"बसा, वहिनी," ते म्हणाले. "लिहून राह्यली ते."

मी अजून पेनसुद्धा हातात घेतलं नव्हतं.